न भरणारी जखम आणि वेळेवरची शस्त्रक्रिया

कोल्हापूरच्या पेठांतून किंवा पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यावस्त्यांतून फिरताना नऊवारी लुगडे नेसलेल्या आजी आजही दिसतात. शेतात आणि गोठ्यात दिवसभर वाकून काम करताना लुगडे सुटू नये म्हणून कंबरेची गाठ घट्ट मारण्याची सवय त्यांना तरुणपणापासून लागलेली असते. त्या गाठीखाली कातडीवर उमटलेला काळपट पट्टाही त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. तेथे खाज सुटते, कातडी सोलवटते, उन्हाळ्यात घामाने चुरचुरते. खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे आणि पुन्हा गाठ आवळायची, असे वर्षानुवर्षे चालते. मग एखाद्या वर्षी तेथे पडलेली चीर भरून येत नाही. जागा अवघड असल्यामुळे आजी ती कोणाला दाखवत नाहीत. घरच्यांना कळते तेव्हा लुगड्याला डाग पडू लागलेले असतात.

अशी जखम आपल्या घरात असेल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. आजोबांच्या नाकावर किंवा पायावर महिनोन्‌महिने न भरणारा व्रण असेल, तरीही हा लेख आपल्यासाठीच आहे. अशी प्रत्येक जखम कर्करोगाची नसते. परंतु ज्या थोड्या जखमा कर्करोगाच्या असतात, त्या वेळीच काढून टाकल्या तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. शरीरातील इतर अनेक कर्करोगांविषयी असे खात्रीने म्हणता येत नाही.

वर्ध्याची नोंद आणि मुंबईचे संशोधन

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन भारतीय स्त्रियांच्या आजाराची नोंद प्रसिद्ध झाली. वर्धा येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉक्टरांनी ती लिहिली होती. पहिली स्त्री सत्तर वर्षांची होती. परकराची नाडी जेथे आवळली जात असे, तेथे कंबरेच्या उजव्या बाजूला तिला अठरा महिने न भरलेली जखम होती. दुसरी साठीच्या उत्तरार्धातील होती. ती सुमारे चाळीस वर्षे रोज लुगडे नेसत होती आणि तिची जखम दोन वर्षांची होती. दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील गाठीपर्यंत पोहोचलेला होता.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला नवी नव्हती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर शोधनिबंध लिहिला होता. घट्ट नेसलेल्या धोतरामुळे कंबरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यात होते. म्हणजे आजोबांचे धोतरही यातून सुटलेले नाही.

येथे गैरसमज होऊ देऊ नये. लुगडे, साडी किंवा धोतर नेसणाऱ्या कोट्यवधी माणसांपैकी अगदी मोजक्यांनाच हा आजार होतो. दोष वस्त्राचा नाही, एकाच जागी वर्षानुवर्षे पडणाऱ्या दाबाचा आणि घर्षणाचा आहे. कातडी सतत सोलवटते, शरीर ती सतत दुरुस्त करत राहते आणि दशकानुदशके चाललेल्या या दुरुस्तीत एखाद्या पेशीचे नियंत्रण सुटते. भाजल्याच्या जुन्या व्रणातही हेच घडते. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद मार्जोलँ यांनी जुन्या व्रणांतील अशा वाढींचे वर्णन केले, म्हणून व्रणात उद्भवणाऱ्या कर्करोगाला आजही ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. तरुणपणी गुऱ्हाळावर काहिलीतील उकळता रस अंगावर सांडला, स्टोव्हचा भडका उडाला किंवा चुलीत पदर पेटला, तर त्याचा व्रण आयुष्यभर राहतो. वीस-तीस वर्षांनी तो व्रण पुन्हा फुटला आणि भरेना, तर ‘जुनेच दुखणे आहे’ असे म्हणून सोडून देऊ नये.

कोणत्या खुणा ओळखाव्यात

त्वचेच्या कर्करोगाचे तीन प्रमुख प्रकार आहेत.

पहिला बेसल सेल कार्सिनोमा. तो बहुधा चेहऱ्यावर, विशेषतः नाकाच्या बाजूला आणि डोळ्याच्या कोपऱ्याजवळ होतो. गोऱ्या लोकांत तो मोत्यासारखा दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर मात्र अनेकदा काळसर चकाकणाऱ्या पुटकुळीसारखा दिसतो आणि तीळ किंवा चामखीळ समजून दुर्लक्षिला जातो. पुढे त्याच्या मध्यभागी खड्डा पडतो. ‘चष्मा घासतो म्हणून जखम झाली’ असे आजोबा म्हणतात आणि वर्ष निघून जाते. हा प्रकार शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. परंतु राहू दिला तर नाक, पापणी आणि हाडही पोखरतो.

दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. कंबरेवरचे आणि जुन्या व्रणांतील कर्करोग बहुतेक याच प्रकारचे असतात. कडा जाड व उंचावलेल्या, मध्ये व्रण किंवा फुलकोबीसारखी वाढ, हात लागताच रक्त आणि पुढे दुर्गंधी ही त्याची लक्षणे. हा जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचू शकतो. जांघेत, काखेत किंवा मानेत अवधाणासारखी टणक गाठ लागते, ती यामुळे असू शकते.

तिसरा मेलॅनोमा. तो तुलनेने दुर्मिळ, पण सर्वांत घातक. भारतीयांत तो बहुधा तळपायावर, बोटांवर किंवा नखाखाली दिसतो. पसरत जाणारा काळा डाग किंवा नखातली रुंदावणारी काळी रेघ हे त्याचे रूप. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याला ते कुरूप किंवा आत मोडलेला काटा वाटतो. कुरूप म्हणून पट्ट्या लावण्यात आणि ब्लेडने तासण्यात मोलाचे महिने वाया जातात.

सामान्य वाचकाने एकच नियम लक्षात ठेवावा. नेहमीचे औषधपाणी करूनही जी जखम चार ते सहा आठवड्यांत भरत नाही किंवा भरून पुन्हापुन्हा फुटते, ती डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. मधुमेह असला तरी ‘साखरेमुळे भरत नाही’ असे घरच्या घरी ठरवू नये. तिच्यावर बिब्बा, चुना किंवा डाग देणे तर कटाक्षाने टाळावे. त्यामुळे कातडी भाजते, खरे स्वरूप झाकले जाते आणि निदान लांबते.

‘सुरी लागली की पसरतो’ हे खरे का?

डॉक्टर बायॉप्सी सुचवतात आणि घरातील कोणीतरी म्हणते, “हात लावू नका, खवळेल. अमक्याला सुरी लागली आणि सहा महिन्यांत गेला.” ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. तिचे मूळही समजून घेतले पाहिजे. पूर्वी बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेला येत तेच मुळी आजार पसरल्यानंतर. मग मृत्यूचे खापर आजाराऐवजी सुरीवर फुटत असे. त्वचेच्या कर्करोगातील बायॉप्सीने आजार पसरत नाही. जागा बधिर करून व्रणाच्या कडेचा लहानसा तुकडा घेतला जातो. मेलॅनोमाची शंका असेल, तर शक्यतो पूर्ण डागच काढून तपासतात. या अहवालाशिवाय किती कापायचे हे डॉक्टरांना ठरवता येत नाही.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात

डोळ्यांना दिसणारी गाठ हा आजाराचा पूर्ण विस्तार नसतो. तिच्या भोवती न दिसणाऱ्या पेशी पसरलेल्या असतात. म्हणून शल्यविशारद गाठीभोवतीची थोडी निरोगी कातडीही काढतात. लहान, कमी धोक्याच्या बेसल सेल कर्करोगासाठी ही कड साधारण ४ मिलिमीटर असते. स्क्वॅमस प्रकारात ती ४ ते ६ मिलिमीटर आणि धोका जास्त असल्यास त्याहून रुंद ठेवतात. मेलॅनोमा किती खोल गेला आहे यावर त्याची कड ठरते. तो वरच्या थराच्या खाली उतरला असेल तर ती १ ते २ सेंटिमीटरपर्यंत असते. व्रणात उद्भवलेल्या कर्करोगाची वागणूक अधिक आक्रमक असल्याने तेथेही बरीच रुंद कड घ्यावी लागते.

वाटाण्याएवढी गाठ असताना हे काम जागेवरच्या भुलीत, तासाभरात होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. तीच गाठ तळहाताएवढी झाली, की पूर्ण भूल, कातडीचे रोपण आणि ग्रंथी काढण्याची वेगळी शस्त्रक्रिया इथवर मजल जाते. आजार हाडापर्यंत पोहोचला, तर बोट किंवा पायही गमवावा लागू शकतो. शस्त्रक्रिया मोठी करते ती आपली दिरंगाई.

काढलेला भाग विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या सर्व कडा तपासल्या जातात. कडा मोकळ्या असल्याचा अहवाल आला, म्हणजे तेथील आजार पूर्ण निघाला असे मानतात. कडेवर पेशी राहिल्या असतील, तर पुन्हा थोडा भाग काढावा लागतो किंवा किरणोपचार घ्यावे लागतात. म्हणून कोणत्याही दवाखान्यात साधी गाठ म्हणून काही काढले, तरी ‘हे तपासायला पाठवणार ना?’ असे आपण विचारलेच पाहिजे. न तपासता फेकून दिलेली गाठ हा पुढच्या अनर्थाचा आरंभ ठरू शकतो.

नाक आणि पापणीसारख्या ठिकाणी मिलिमीटरभर कातडीही मोलाची असते. तेथे थर काढायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि जेथे पेशी उरल्या असतील तेवढेच पुन्हा काढायचे, अशी एक पद्धत आहे. अमेरिकी डॉक्टर फ्रेडरिक मोहस यांनी १९३०च्या दशकात तिचा पाया घातला. आपल्या देशात ती थोड्याच केंद्रांत होते. अन्यत्र काढलेला तुकडा गोठवून, शस्त्रक्रिया चालू असतानाच कडा तपासण्याची सोय असते.

पुण्याहून जगात गेलेली विद्या

‘नाकावरचे कापले तर चेहरा विद्रूप होईल’ ही भीती वृद्ध स्त्रीपुरुषांनाही वाटते आणि ती क्षुल्लक मानू नये. लहान जखम टाके घालून सरळ मिटते. मोठी असेल, तर मांडीची पातळ कातडी आणून बसवतात किंवा शेजारची कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासह सरकवतात.

यातील एक रीत तर आपल्या महाराष्ट्राच्या मातीशी जोडलेली आहे. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागीर वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. हे पाहिलेल्या इंग्रज डॉक्टरांमुळे त्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागल्यास कपाळाच्या कातडीची ही रीत, सुधारलेल्या स्वरूपात, आजही जगभर वापरली जाते. मधले काही आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा देठ दिसत राहतो आणि घरचे घाबरतात. तो पुढच्या टप्प्यात कापला जातो, हे आधीच विचारून समजून घ्यावे.

‘या वयात कशाला कापाकापी?’

हा प्रश्न बहुधा प्रेमापोटीच विचारला जातो. कधी त्यामागे खर्चाची आणि धावपळीची चिंताही असते. परंतु वय ही एकटी गोष्ट शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि माणसाचे हिंडणेफिरणे कसे आहे, हे पाहून डॉक्टर निर्णय घेतात. जागेवरच्या भुलीतील शस्त्रक्रिया ऐंशीच्या घरातील माणसालाही सहसा झेपते. शस्त्रक्रिया खरोखरच शक्य नसेल, तर किरणोपचार हा चांगला पर्याय ठरू शकतो. काही अगदी वरवरच्या बेसल सेल कर्करोगांवर औषधी मलमही चालते.

दुसरी बाजूही पाहावी. न कापलेली जखम शांत राहत नाही. ती वाढते, वाहते, तिला वास येतो. मग ज्या आजी पंगतीत सर्वांना आग्रह करून वाढत, त्या स्वतःच माणसांपासून दूर बसू लागतात. शस्त्रक्रिया टाळून आपण त्यांचा त्रास टाळत नाही, तो पुढे ढकलतो आणि वाढवून ठेवतो.

आणखी एक गोष्ट. अनेक घरांत ‘आजींना कॅन्सर म्हणून सांगू नका’ असे ठरते. हेतू चांगला असतो. परंतु कातडी त्यांची आहे आणि सही किंवा अंगठाही त्यांचाच लागणार आहे. काहीच न सांगितलेल्या माणसाला सर्वांची कुजबुज ऐकू येते आणि तो त्याहून भयंकर कल्पना करतो. जवळ बसून, त्यांच्याच भाषेत सांगावे, “ही वाईट गाठ आहे, पण कातडीपुरती आहे. काढली की बरी होईल.” हे तसे असेल तेव्हा खरेच सांगता येते, यासाठीच लवकर जायचे असते.

शस्त्रक्रियेआधी

चालू असलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्यास ते आवर्जून सांगावे. मात्र त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, कारण त्यातून अर्धांगवायूचा किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. पेसमेकर बसवलेला असेल, तर तेही सांगावे. साखर आटोक्यात आणावी. मशेरी, तंबाखू आणि विडी निदान काही आठवडे आधीपासून सोडावी. तंबाखूतील निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते आणि बसवलेली कातडी मरण्याचा धोका वाढवते. कित्येक घरांत आजींच्या मशेरीची कोणी दखलच घेत नाही, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना न विचारताही सांगावी.

शस्त्रक्रियेनंतर

पट्टी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ओली करू नये, सोडू नये. रक्त आले, तर स्वच्छ कापड ठेवून सलग पंधरा ते वीस मिनिटे दाबून धरावे. मध्ये उचलून पाहू नये. त्यानेही थांबले नाही, तर रुग्णालयात जावे. चेहऱ्याचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत, अंगावरचे आणि पायाचे दहा ते चौदा दिवसांत काढतात. कातडी रोपली असेल, तर ज्या मांडीवरून ती घेतली तेथेच अधिक दुखते. त्यात काही बिघडले असे समजू नये. पायावर रोपण झाले असल्यास पाय उशीवर उंच ठेवावा. परंतु माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवूही नये. किती चालायचे ते डॉक्टरांना विचारावे. वाढती लाली, सूज, पू किंवा ताप दिसल्यास वाट पाहू नये. हळद, राख, तेल यांपैकी काहीही जखमेवर घालू नये.

पहिली दोन वर्षे सहसा दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते. जुनी जागा आणि जवळच्या ग्रंथी पाहतात, शिवाय सर्वांगावर नवा डाग नाही ना, हेही पाहतात. बायॉप्सीचा आणि कडांचा अहवाल एकाच फाइलमध्ये जपून ठेवावा. गाठ कंबरेवर झाली असेल, तर पुढे नाडी रुंद आणि सैल असावी, बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी आणि घरात सैल कपडे वापरावेत.

कोठे जावे, खर्चाचे काय

पहिली तपासणी त्वचारोगतज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सक करू शकतात. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. मोठ्या किंवा गुंतागुंतीच्या आजारासाठी कर्करोग शल्यविशारद आणि प्लास्टिक सर्जन यांचा एकत्रित सल्ला घ्यावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत नेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आपल्या उपचाराविषयी आधीच विचारावे.

घरच्यांनी महिन्यातून एकदा पाहावे

• चेहरा, कानामागची जागा आणि मान
• कंबरेचा पट्टा, सर्व बाजूंनी
• तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे
• भाजल्याचे किंवा जखमेचे जुने व्रण
• न भरणारी जखम, वाढणारा काळा डाग, जांघेत, काखेत किंवा मानेत नवी गाठ

आंघोळीला मदत करताना, पायाला तेल चोळताना किंवा लुगडे नेसवताना हे सहज पाहता येते. स्त्रियांसाठी घरातील सुनेने किंवा नातीने पाहिले, तर संकोचही कमी होतो. आजी ‘काही नाही गं, जुनंच आहे’ म्हणतील. तरीही तो पदर हळूच बाजूला सारून पाहावे आणि ती जखम किती दिवसांची आहे, एवढे एकदा विचारावे.